टर्बो निवडावा इंजिन ओळखून



यंदा गणेशोत्सवात आरतीनंतर शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याची आई मला थांबवून म्हणाली, "सर, तुमचं तो ऐकतो. त्याला जरा समजवा. गाडीत पैसे ओततोय." मुलगा न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला नोकरी करतो. जपानहून आलेली जुनी माझदा आरएक्स-७ त्याने हौसेने घेतली. कोणीतरी सांगितले म्हणून तिला भला मोठा टर्बो बसवला आणि तीन महिन्यांत इंजिन गेले. आता दुसरे इंजिन बांधणे चालू होते आणि प्रश्न तोच होता : टर्बो कोणता लावावा? गाडी रोज रस्त्यावर चालवायची आहे, पाय दाबताच तिने उचल घ्यावी आणि इंजिन टिकावे.

मी स्वतः आजवर स्कूटरच चालवत आलो. पण प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे, म्हणून वाचून, दोन जाणकार मिस्त्र्यांना विचारून जे समजले ते त्याला फोनवर सांगितले. तेच येथे देत आहे. मी हिंदी माध्यमातून बी.एस्सी. झालो. मराठी पारिभाषिक शब्द जिथे सुचला नाही, तिथे गॅरेजमधलाच शब्द ठेवला आहे.

हे इंजिन वेगळे कसे?

आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो. आरएक्स-७ चे इंजिन रोटरी आहे. जर्मनीत फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर एनएसयू कंपनीने असे पहिले इंजिन १९५७ मध्ये चालवून दाखवले. हिरोशिमाच्या माझदाने १९६७ मध्ये 'कॉस्मो स्पोर्ट' ही दोन रोटरची गाडी विक्रीस आणली. १९९१ मध्ये माझदाच्या चार रोटरच्या गाडीने फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली, आणि त्या इंजिनाला टर्बो नव्हता हेही लक्षात ठेवावे.

कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल डब्यात फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो आहे, अशी कल्पना करा. त्रिकोणाची तिन्ही टोके डब्याच्या भिंतीला सतत घासत जातात. त्यामुळे तीन कप्पे होतात आणि फिरता फिरता प्रत्येक कप्पा हवा घेतो, दाबतो, जाळतो, बाहेर टाकतो. यात झडपा नसतात. भिंतीतली दारे रोटर स्वतःच झाकतो व उघडतो. रोटरचा एक फेरा होईपर्यंत मधल्या दांड्याचे तीन फेरे होतात. म्हणजे दांड्याच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरकडून एक धक्का मिळतो. आरएक्स-७ चे '१३बी' इंजिन दोन रोटरचे असून दर कप्पा ६५४ घनसेंटिमीटर, एकूण १३०८.

त्रिकोणाच्या टोकांवर धातूच्या बारीक पट्ट्या असतात. त्यांना एपेक्स सील म्हणतात. या इंजिनाचा जीव त्या पट्ट्यांत आहे. मिश्रण वेळेआधी भडकले, म्हणजे 'नॉकिंग' झाले, तर पट्टी तुटते. तुटका तुकडा एक्झॉस्टमधून बाहेर उडून टर्बोच्या चाकावर आदळतो आणि एका चुकीत इंजिन व टर्बो दोन्ही जातात. आपल्या विद्यार्थ्याचे असेच झाले.

टर्बो आणि 'स्पूल'

टर्बो म्हणजे एका दांड्यावरची दोन चाके. बाहेर जाणारा जळका वायू एक चाक फिरवतो, दुसरे चाक ताजी हवा दाबून इंजिनात घालते. फुकट जाणाऱ्या ऊर्जेतून जास्त हवा मिळते, म्हणून जास्त इंधन जाळता येते. हे चाक मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते. तो वेग गाठायला लागणारा वेळ म्हणजे 'लॅग', आणि चाक वेग पकडून दाब देऊ लागले की 'टर्बो स्पूल झाला' असे म्हणतात.

लवकर स्पूल व्हायला चाक हलके व लहान हवे. येथे बारावीचे जडत्व आघूर्ण कामाला येते. एकाच आकाराची व एकाच धातूची दोन चाके घेतली तर त्यांचे जडत्व आघूर्ण व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते. व्यास फक्त १० टक्के वाढला तर १.१ चा पाचवा घात होतो सुमारे १.६१. म्हणजे चाक फिरवणे ६१ टक्के जड झाले. मोठा टर्बो का रेंगाळतो, याचे उत्तर या एका हिशेबात आहे.

मग सर्वात लहान टर्बो लावावा का? पिस्टनच्या गाडीत लहान टर्बोमुळे वरच्या वेगाला जोर कमी पडतो, बहुतेक एवढ्यावर भागते. रोटरीत तसे भागत नाही. १३बी चा वायू फार तप्त असतो, जोरात चालवताना ९०० अंश सेल्सिअसच्याही वर जातो, आणि एक्झॉस्टचे दार एकदम उघडत असल्याने तो धक्क्याने बाहेर पडतो. टर्बो फिरवायला ही चांगलीच गोष्ट. पण पुढची वाट अरुंद असेल तर वायू तुंबतो, मागे दाब साठतो. थोडा जळका वायू आतच राहून नव्या मिश्रणाला तापवतो. उष्णता वाढली की नॉकिंगचा धोका वाढतो आणि शेवटी बिचाऱ्या पट्टीवर येते. म्हणून रोटरीचा साधा नियम : आत येणाऱ्या हवेइतकाच बाहेर जाणाऱ्या वायूचा विचार करावा.

टर्बोच्या कागदावर 'ए/आर' नावाचा आकडा असतो. वायू ज्या शंखाकृती वाटेने चाकावर येतो, त्या वाटेचे क्षेत्रफळ भागिले केंद्रापासूनचे अंतर, असा तो आकडा. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात जाते पण बादली उशिरा भरते. लहान ए/आर म्हणजे दाबलेला अंगठा. तेव्हा लवकर स्पूल मिळवायला अंगठा दाबू नये. चाक हलके व बेताचे घ्यावे, वाट मात्र मोकळी ठेवावी. १३बी साठी एक किंवा त्याच्या जवळपासचा ए/आर म्हणूनच पसंत करतात.

दोन रोटर, दोन वाटा

वाड्याच्या एकाच दिंडीतून दोघे एकदम बाहेर पडू लागले तर खांदे आपटतात. दोन रोटरचे धक्के दांड्याच्या अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने येतात, पण प्रत्येकाचे दार त्याहून बराच जास्त वेळ उघडे असते. एकाच नळीत सोडले तर एकाचा वायू दुसऱ्याला अडवतो. म्हणून प्रत्येक रोटरची नळी टर्बोच्या तोंडापर्यंत वेगळी न्यावी आणि टर्बोचा शंखही मधल्या पडद्याचा, म्हणजे 'ट्विन स्क्रोल' घ्यावा. धक्के शाबूत पोचतात आणि ए/आर न घटवता टर्बो लवकर जागा होतो.

जास्तीचा वायू बाजूने सोडणाऱ्या झडपेला वेस्टगेट म्हणतात. ती दोन्ही वाटांना जोडलेली, पुरेशी मोठी आणि वायूच्या सरळ ओघात असावी. ती लहान पडली तर ठरवलेला दाब आपोआप वर सरकतो आणि चालकाला कळण्याआधी नुकसान झालेले असते.

कंपनीचे जुळे की एकच मध्यम?

माझदाने १९९१ ते २००२ पर्यंतच्या आरएक्स-७ ला दोन लहान टर्बो दिले होते. कमी फेऱ्यांवर एकच चाले, सुमारे ४५०० फेऱ्यांजवळ दुसरा साथीला येई. सुरुवातीला २५५ पीएस असलेली ताकद १९९९ मध्ये जपानी गाडीत २८० पीएस झाली. योजना हुशारीची, उचलही झटपट. पण ती चालवायला रबरी नळ्या व झडपांचे जाळेच होते. इंजिनाच्या उष्णतेने नळ्या कडक होऊन तडकतात आणि कुठे गळते ते शोधता शोधता मिस्त्री थकतो. सगळे जाळे नव्या सिलिकॉन नळ्यांनी दुरुस्त होत असेल आणि मूळ ताकद पुरत असेल, तर तेच ठेवणे शहाणपणाचे.

आपल्या विद्यार्थ्याच्या गाडीतले जाळे आधीच काढून टाकलेले होते. त्याच्यापुढे एकच मध्यम टर्बो हा मार्ग उरला. बोर्गवॉर्नरच्या ईएफआर मालिकेत टर्बाइनचे चाक टायटॅनियम-ॲल्युमिनाइडचे, नेहमीच्या निकेलच्या मिश्रधातूपेक्षा बरेच हलके असते, आणि दांडा बॉल बेअरिंगवर फिरतो. त्यात ७६७० आणि ८३७४ हे दोन रोटरीवाल्यांच्या पसंतीचे. शेवटचे दोन अंक टर्बाइनच्या चाकाचा व्यास सांगतात : ७० व ७४ मिलिमीटर. फरक चारच मिलिमीटरचा, पण आपल्या पाचव्या घाताने जडत्व सुमारे ३२ टक्क्यांनी वाढते. त्याला साडेतीनशे अश्वशक्तीच्या आसपास पुरे होते. म्हणून मी म्हटले, "अरे, लहानच घे. जाहिरातीतला आकडा बघू नकोस." तो आकडा बहुधा पिस्टनच्या इंजिनावरून धरलेला असतो. रोटरी तेवढ्याच हवेतून कमी ताकद काढते.

आधी पाया

टर्बोची पेटी उघडण्याआधी पुढील कामे व्हावीत.

१) प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे कॉम्प्रेशन वेगवेगळे मोजावे. त्यासाठी रोटरीचे खास यंत्र लागते.
२) इंधनाचा पंप व इंजेक्टर नव्या हवेला पुरतील असे बसवावेत. हवा जास्त आणि पेट्रोल कमी, हीच पट्टी तुटण्याची नेहमीची वाट.
३) रेडिएटर, ऑइल कूलर आणि दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर चांगले असावेत.
४) ठिणगीची वेळ व मिश्रण जाणकाराकडून मोजून बसवावे. मिश्रण दाखवणारा मीटर डोळ्यांसमोर असावा. दाब बेताचा ठेवावा.
५) एपेक्स सीलना तेल देणारा पंप तपासावा. हे इंजिन मुळातच थोडे तेल जाळते, म्हणून तेलाची पातळी वारंवार पाहावी. गाडी जोरात चालवून आल्यावर लगेच बंद न करता थोडा वेळ शांत चालू द्यावी.

पहिल्या वेळी त्याने यातले चौथे सोडा, दुसरेही केले नव्हते. सगळे पैसे टर्बोत गेले आणि पंप जुनाच राहिला.

एक सूचना आपल्या येथील मुलांसाठी. न्यूझीलंडमध्ये असा मोठा फेरफार केला की गाडीला वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. मोटारसायकलचा सायलेन्सर बदलून शाळेसमोरून जाणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे.

मुलाने लहान टर्बो घेतला. वाचलेल्या पैशात पंप, इंजेक्टर आणि रेडिएटर आले. इंजिन बसले आहे, प्रमाणपत्राची तपासणी बाकी आहे. आईला मी एवढेच सांगितले की पैसे यावेळी योग्य ठिकाणी गेले आहेत. त्या म्हणाल्या, "गेले ते गेलेच ना, सर!" त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

बारावीच्या विद्यार्थ्यांनी सोमवारी एक गणित करून आणावे : ७० ऐवजी ८० मिलिमीटरचे तशाच आकाराचे व त्याच धातूचे चाक घेतले तर जडत्व किती पट होईल? उत्तर जवळजवळ दुप्पट आले, तर लेख नीट वाचला असे समजेन.

— मुख्याध्यापक