जुन्या उंची मोटारीचा मोह

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहरातील उद्योजक, डॉक्टर आणि व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडिज मोटारी एका दमात खरेदी केल्या. खरेदीचा मोठा भाग स्टेट बँकेच्या कर्जातून झाला. मराठवाडा म्हटले की दुष्काळ आणि टँकर एवढेच ज्यांना आठवते, त्यांना त्या बातमीने चकित केले होते. त्या खरेदीला आता पंधरा वर्षे उलटून गेली आहेत आणि खासगी मोटारीची पहिली नोंदणीही पंधरा वर्षांपुरतीच असते. नवेपणी ज्या मोटारींकडे सामान्य नोकरदाराने केवळ पाहावे, त्या पिढीच्या मोटारी हात बदलत बदलत आता जालन्याच्या शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या आवाक्यात येऊन ठेपल्या आहेत. निदान किमतीने तरी.

मर्सिडिजची गोष्ट सोडून देऊ. जालनेकराच्या मोहाचे खरे ठिकाण शेंद्रा येथे, जालना रस्त्यावरच आहे. स्कोडा कंपनीने २००१ साली तेथून ऑक्टाव्हिया बाजारात आणली, पाठोपाठ सुपर्ब आणि लॉरा आल्या. पुढे त्याच कारखान्यात ऑडीचीही जुळणी होऊ लागली. ऑक्टाव्हियाची किंमत त्या काळी दहा-बारा लाखांच्या घरात होती. आज तिच्यासाठी दीड-दोन लाख मागितले जातात. तेवढ्याच पैशांत एखादी वापरलेली लहान मोटार मिळते आणि पेच पडतो तो नेमका येथेच.

हा मोह केवळ दिखाऊपणाचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. या मोटारीचे दार लावताना येणारा भारदस्त आवाज, वेगात रस्त्याला धरून राहण्याची तिची वृत्ती आणि तिचे प्रशस्त सामानघर हे सारे खरे आहे. मुलीच्या लग्नात दारापुढे चांगली मोटार उभी असावी, असे एखाद्या बापाला वाटले तर त्यात हसण्यासारखे काही नाही. परंतु ‘दारी हत्ती झुलणे’ हा वाक्प्रचार ज्यांच्या घरी रूढ झाला, त्यांच्या घरी चाऱ्याची व्यवस्थाही होती, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

चाऱ्याचा हिशेब सरळ आहे. मोटारीची किंमत वयाप्रमाणे उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. दोन लाखांना घेतलेली मोटार दुरुस्तीच्या वेळी मात्र बारा लाखांचीच असते. टर्बो, क्लच आणि त्यामागचे जड दुहेरी चाक, वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर यांपैकी दोन गोष्टी एका वर्षात गेल्या, तर खरेदीच्या रकमेचा लक्षणीय भाग पुन्हा खर्चावा लागतो. कारखाना शेजारी असल्याने भाग स्वस्त मिळतील अशी समजूत आपल्याकडे आढळते. ती भाबडी आहे. या मोटारी मोठ्या प्रमाणावर परदेशातून आलेल्या संचांची जुळणी करून तयार होत असत आणि कारखाना काही सुटे भाग किरकोळीने विकत नाही. शेजारच्या गावात साखर कारखाना असला म्हणून आपल्या घरी साखर फुकट येत नाही.

विम्याकडेही पाहिले पाहिजे. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० ते १५०० घनसेंटिमीटर इंजिनाच्या खासगी मोटारीला त्रयस्थ पक्षाच्या विम्यासाठी वर्षाला ३,४१६ रुपये पडतात. त्यापुढील इंजिनाला ७,८९७ रुपये. ऑक्टाव्हियाचे डिझेल इंजिन १८९६ घनसेंटिमीटरचे आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांपुढील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपयांवर नेण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. शिवाय इतक्या जुन्या मोटारीला बँक सहजासहजी कर्ज देत नाही, म्हणून पतसंस्थेचे कर्ज काढायचे आणि त्याचा हप्ता पगारातून कापून जाऊ द्यायचा, हाच बहुधा मार्ग उरतो.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ज्याला खरेदीइतकीच नव्हे तरी निम्मी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नाही, त्याने या वाटेस जाऊ नये. मंठा किंवा परतूर तालुक्यातील शाळेत रोज खडबडीत रस्त्याने जाणाऱ्या शिक्षकाला लहान, साधी, कोणत्याही मिस्त्रीच्या हाताला सवयीची मोटारच बरी. मात्र महिन्यातून दोन-चार वेळा लांबचा प्रवास करणाऱ्या, मोटारीची जाण असलेल्या माणसाने चांगली राखलेली, हाताने गिअर टाकण्याची डिझेल ऑक्टाव्हिया अवश्य पाहावी. तिचे यंत्र दणकट आहे. आपोआप गिअर बदलणाऱ्या, विशेषतः सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या मोटारीपासून मात्र दूर राहावे. याच पेटीतील दोषापायी २०१३ साली फोक्सवॅगन समूहाला जगभरातील लाखो मोटारी परत बोलवाव्या लागल्या होत्या.

मोटार पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड असतानाच ते चालू करायला सांगावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर त्याचे कारण विचारावे. सुरू होताच निघून जाणारा थोडा धूर क्षम्य आहे, पण निळसर धूर रेंगाळला तर इंजिन तेल जाळते आहे असे समजावे. टायमिंगचा पट्टा कधी बदलला याची पावती मागावी. हा पट्टा धावत्या मोटारीत तुटला की झडपा पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच निकामी होते. तो किलोमीटरांनी झिजतो तसा वर्षांनीही झिजतो, म्हणून ‘मोटार फारशी चालली नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. किलोमीटरच्या आकड्यावर तर विश्वासच ठेवू नये. घासून गुळगुळीत झालेले पायपट्टे आणि फाटलेली चालकाची बैठक अधिक खरे बोलतात. किल्ली फिरवताच एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर अपघातानंतर तो मुद्दाम बंद केला असण्याचा संभव असतो.

टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात. ४२१८ म्हणजे २०१८ सालच्या बेचाळिसाव्या आठवड्यातील टायर. नक्षी कितीही खोल दिसली, तरी जुने रबर जालन्याच्या वैशाखात, ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असलेल्या समृद्धी महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर दगा देऊ शकते. या मोटारीचा मोह ज्या रस्त्यामुळे सर्वांत बळावतो, त्याच रस्त्यावर तिचे वय उघडे पडते.

दिल्लीकडील मोटारींबद्दल विशेष सावध राहावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांपुढील डिझेल मोटारींना तेथे मज्जाव केला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि पुढे या आदेशांत फेरफारही होत राहिले. त्यामुळे तेथील उंची मोटार स्वस्तात मिळते खरी, पण तेथील ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि एमएच २१ क्रमांकाची नवी नोंदणी यांचा खर्च जमेस धरल्यावर स्वस्ताई बरीचशी विरून जाते.

कागदांच्या बाबतीत विकणाऱ्यानेही जागरूक असावे. नमुना २९ व ३० वर केवळ सह्या करून, मोटार दलालाच्या हवाली करून मोकळे होण्याची आपली रीत आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, मोटार कितीही हातांतून गेली तरी दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. राज्यांतर्गत विक्रीची खबर परिवहन कार्यालयाला चौदा दिवसांत द्यावयाची असते. जुनी मोटार विकून उंची मोटार घेऊ पाहणाऱ्याने नवी घरी आणण्यापूर्वी जुनीच्या नोंदीवरून आपले नाव निघाले की नाही, हे आधी पाहून घ्यावे.