रुग्णालये व शुश्रूषागृहे यांतील आपत्कालीन वीजपुरवठा

आपत्कालीन वीजपुरवठा, रुग्णालयातील : सार्वजनिक वाहिनीवरून मिळणारा नेहमीचा वीजपुरवठा खंडित झाला असता, ज्या साधनांवर रुग्णांचे प्राण, उपचार व सुरक्षितता अवलंबून असते ती साधने चालू ठेवण्यासाठी केलेली स्वतंत्र वीजव्यवस्था. रुग्णालयांप्रमाणेच प्रसूतिगृहे, वृद्धाश्रम, दिव्यांगांची निवासगृहे इ. ठिकाणीही ती आवश्यक असते. अशा व्यवस्थेची चौकशी करताना ‘जनित्र आहे काय?’ एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो. विद्युत् संहितांचा प्रश्न मात्र निराळा व दुहेरी असतो : पुरवठा गेल्यापासून किती सेकंदांत कोणते साधन पुन्हा चालू होते, आणि त्यानंतर ते किती तास चालू राहू शकते. या दोन कालमर्यादा ठरविल्या म्हणजे घटमाला कोणती, जनित्र केवढे, तारजोडणी कशी आणि इंधन किती या बाबी त्यांवरून निश्चित होतात.

पुरवठा खंडित झाल्याचा परिणाम सर्व साधनांवर सारखा होत नाही. कृत्रिम श्वसनयंत्रात बहुधा स्वतःची घटमाला असते व ते काही काळ तग धरते. रक्त, कफ वा स्राव ओढून घेणारे शोषणयंत्र मात्र बहुतेक ठिकाणी थेट वीजपुरवठ्यावर चालते व तत्काळ बंद पडते. शस्त्रक्रियेच्या मेजावरील दिवा अर्धा मिनिट विझला, तरी शल्यचिकित्सकाचा हात जखमेत असतो व रक्तस्राव चालूच असतो. कमी वजनाच्या नवजात अर्भकाच्या शरीरातील उष्णता फार लवकर कमी होते. त्यामुळे ऊबयंत्र बंद पडल्यास काही मिनिटांतच धोका सुरू होतो. हवेतील ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या संकेंद्रकाला सुमारे ३५० वॉट वीज लागते आणि त्यात ऑक्सिजनचा साठा नसतो. कोविड-१९ च्या साथीत, विशेषतः २०२१ मध्ये, अनेक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत ऑक्सिजननिर्मितीची संयंत्रे बसविण्यात आली. वीज गेली की त्यांतील निर्मितीही थांबते. म्हणून भरलेली सिलिंडरे नळवाहिनीला जोडून ठेवणे हा आपत्कालीन वीजव्यवस्थेचाच एक भाग मानला पाहिजे. याउलट निर्जंतुकीकरणाचे बाष्पपात्र, कपडे धुण्याचे यंत्र व पाण्याचा पंप ही साधने काही काळ थांबू शकतात.

साधनांमधील हा फरक आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्रविज्ञान आयोगाने २००२ मध्ये वैद्यकीय जागांसाठी प्रसिद्ध केलेल्या मानकात स्पष्टपणे मांडला आहे. त्यात जागांचे तीन गट केले आहेत. ज्या जागेत उपकरणाचा कोणताही विद्युत् भाग रुग्णाला जोडला जात नाही ती शून्य गटात येते. जेथे असे भाग जोडले जातात परंतु पुरवठा खंडित झाल्याने जिवाला धोका होत नाही ती पहिल्या गटात. आणि शस्त्रक्रियागृह व अतिदक्षता कक्ष यांसारख्या, पुरवठा खंडित होणे प्राणघातक ठरू शकेल अशा जागा दुसऱ्या गटात येतात. शस्त्रक्रियेच्या दिव्यासारख्या साधनांना ०.५ सेकंदाच्या आत पुरवठा मिळावा व तो सर्वसाधारणपणे ३ तास टिकावा, त्यापुढील महत्त्वाच्या साधनांना १५ सेकंदांच्या आत मिळून तो २४ तास टिकावा आणि उरलेल्यांना त्याहून उशिरा मिळाला तरी चालेल, असे हे मानक सांगते. अमेरिकी संहितेत रुग्णालयातील अत्यावश्यक शाखांसाठी १० सेकंदांची मर्यादा आहे. डीझेल एंजिन सुरू होऊन योग्य गती व विद्युत् दाब गाठण्यास जो वेळ लागतो त्याच्याशी ही मर्यादा जुळते. अर्ध्या सेकंदाची अट मात्र कोणतेही डीझेल जनित्र पाळू शकत नाही. तेथे घटमालाच हवी.

कायदेशीर स्थिती : भारतात वीजविषयक सुरक्षिततेचे नियम प्रथम १९१० च्या भारतीय विद्युत् अधिनियमाखाली व पुढे १९५६ च्या नियमावलीत होते. २००३ चा विद्युत् अधिनियम आल्यानंतर केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षाविषयक विनियम केले; त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. भारतीय मानक संस्थेने १९८५ मध्ये राष्ट्रीय विद्युत् संहिता प्रसिद्ध केली आणि २०११ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्या तिसऱ्या भागात वैद्यकीय इमारतींसाठी स्वतंत्र प्रकरण असून पर्यायी पुरवठा व भूसंपर्कन यांविषयीच्या अपेक्षा तेथे दिल्या आहेत. संहिता हा मूलतः मार्गदर्शक दस्तऐवज आहे. तिला बळ येते ते विनियमांत तिचा आधार घेतल्यामुळे व विद्युत् निरीक्षकाच्या तपासणीमुळे. ठरावीक क्षमतेपेक्षा मोठे जनित्र निरीक्षकाच्या मान्यतेविना चालू करता येत नाही. खाजगी शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या अधिनियमानुसार होते, तर शासकीय ग्रामीण रुग्णालयांना भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके (२००७, सुधारणा २०१२ व २०२२) लागू आहेत. अशा रीतीने एकाच जनित्राकडे तीन-चार यंत्रणा पाहत असतात. पण वीज गेल्यावर ते खरोखर सुरू होते की नाही, हे पाहणे त्यांपैकी कोणाचेच रोजचे काम नसते.

क्षमतेचा हिशोब : चांदूर बाजार हे अमरावतीपासून सुमारे ४० किमी. अंतरावरील तालुक्याचे गाव असून तेथे ग्रामीण रुग्णालय आहे. अशा ठिकाणच्या ३० खाटांच्या रुग्णालयाचा नमुन्यादाखल हिशोब पुढीलप्रमाणे मांडता येईल. शस्त्रक्रियेचा दिवा १५० वॉट, शोषणयंत्र व रुग्णनिरीक्षक उपकरणे ६०० वॉट आणि प्रसूतिकक्ष व मार्गिका यांतील निवडक दिवे २५० वॉट, मिळून १ किवॉ. हा भार क्षणार्धात उचलला गेला पाहिजे. त्यानंतर दोन ऊबयंत्रे १.४ किवॉ., चार ऑक्सिजन संकेंद्रके १.४ किवॉ., लसींची शीतपेटी व हिमपेटी ०.५ किवॉ., प्रयोगशाळेचा फ्रीज ०.३ किवॉ., उरलेले दिवे व पंखे ३ किवॉ. आणि २ अश्वशक्तीचा पाण्याचा पंप १.५ किवॉ. धरल्यास एकूण भार सुमारे ९ किवॉ. होतो. बाष्पपात्राचे ६ किवॉ. व शस्त्रक्रियागृहातील वातानुकूलनाचे २ किवॉ. त्यात मिळविले, तर तो १७ किवॉ.पर्यंत जातो.

क्षणार्धात उचलावयाचा १ किवॉ. भार ३ तास चालविण्यासाठी ३ युनिट ऊर्जा हवी. बाजारात मिळणाऱ्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या एका बॅटरीत नाममात्र १.८ युनिट ऊर्जा साठते, परंतु बॅटरी दीर्घकाळ टिकावी म्हणून त्यातील निम्मीच वापरावी. इन्व्हर्टरमधील व्यय धरता अशा चार बॅटऱ्या लागतात. घरगुती पद्धतीने एकच बॅटरी बसविल्यास ती तासभरही पुरत नाही. शिवाय इन्व्हर्टर साधा की अखंड पुरवठ्याचा, हेही पाहावे लागते. साध्या इन्व्हर्टरच्या बदलास लागणाऱ्या अल्पशा अवधीतही काही उपकरणे बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

जनित्र २५ केव्हीए क्षमतेचे घेतले, तर ०.८ शक्तिगुणकास त्यापासून २० किवॉ. मिळतात. पंपाचे चलित्र सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. तेव्हा १७ किवॉ. भार चालू असताना पंप सुरू झाला, तर विद्युत् दाब खाली जाऊन सारेच अडखळते. म्हणून बाष्पपात्र व पंप एकाच वेळी चालणार नाहीत अशी अडसर-जोडणी करणे हे मोठे जनित्र घेण्यापेक्षा स्वस्त व अधिक शहाणपणाचे असते. फाजील मोठे जनित्र दुसऱ्या कारणानेही गैरसोयीचे ठरते. क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी भारावर डीझेल एंजिन सतत चालविल्यास इंधन पुरते जळत नाही व निष्कास मार्गात काजळी साचते. सरासरी १० किवॉ. भारास ताशी ३ ते ३.५ लिटर डीझेल लागते, म्हणजे २४ तासांसाठी सुमारे ८० लिटर. एवढा साठा टाकीत कायम असावा. वादळात झाड पडून रस्ता बंद झाला, तर पंपावरून डीझेल आणता येईल हे गृहीत धरता येत नाही.

तारजोडणी : वाहिनीवरील पुरवठा व जनित्र ही कधीही एकमेकांस जोडली जाणार नाहीत, अशी चेंजओव्हर स्विचची रचना असावी लागते. ही अट रुग्णांइतकीच बाहेरच्या माणसासाठी आहे. तात्पुरती वायर टाकून जनित्र जोडले, तर त्याची वीज उलट्या दिशेने रोहित्रात शिरते व तेथे उच्च दाब निर्माण होतो. खांबावर दुरुस्ती करणारा वायरमन मात्र वाहिनी मृत असल्याचे समजून काम करीत असतो. स्विच चार ध्रुवांचा असावा, म्हणजे तिन्ही कलांबरोबर उदासीन तारही बदलली जाते.

सामान्य घरात ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारा खंडक हे उत्तम संरक्षण असते. शस्त्रक्रियागृहात तेच साधन धोक्याचे ठरते, कारण तारेतील एका किरकोळ दोषाने सारा पुरवठा तुटतो. तेथे विलगक रोहित्र वापरून भूमीपासून अलग ठेवलेला पुरवठा देतात. पहिला दोष उद्‌भवला तरी पुरवठा चालू राहतो. निरोधन ५० किलोओहमपेक्षा कमी झाल्यास इशारा मात्र मिळतो. हृदयाशी थेट संपर्क येणाऱ्या उपकरणात सर्वसाधारण स्थितीतील गळती १० मायक्रोअँपिअरच्या आत ठेवतात, यावरून येथील काटेकोरपणा लक्षात येईल.

व्यवस्था का अपयशी ठरते : १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी १० च्या सुमारास मुंबई व परिसराचा वीजपुरवठा अकस्मात बंद पडला. कोविडची साथ जोरात असताना रुग्णालये जनित्रांवर गेली. रुग्णालयांसाठी किमान आठ तास पुरेल एवढे डीझेल उपलब्ध ठेवावे, असे महापालिका आयुक्तांनी त्या वेळी सांगितले. एप्रिल २०२४ मध्ये भांडुप येथील महापालिकेच्या प्रसूतिगृहात एक माता व तिचे अर्भक दगावले. वीज गेल्यावर जनित्र सुरू झाले नाही व मोबाइलच्या उजेडात शस्त्रक्रिया झाली, असा आरोप कुटुंबीयांनी केला आणि महापालिकेने चौकशीचा आदेश दिला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाच्या वेळी न्यूयॉर्कमधील बेलव्ह्यू रुग्णालयाची जनित्रे वरच्या मजल्यावर सुरक्षित होती, पण त्यांना इंधन पोहोचविणारे पंप तळघरात होते व ते पाण्याखाली गेले. कर्मचाऱ्यांनी व सैनिकांनी जिन्यावरून हातोहात इंधन वर नेले आणि अखेर रुग्णालय रिकामे करावे लागले.

प्रत्यक्षात जनित्र सुरू न होण्याचे कारण पुष्कळदा एंजिनात नसते. ते सुरू करणारी छोटी बॅटरी उतरलेली असते किंवा टाकीच्या तळाशी पाणी व गाळ साचलेला असतो. म्हणून अमेरिकी मानकानुसार जनित्र दरमहा किमान अर्धा तास व क्षमतेच्या निदान ३० टक्के भार देऊन चालविले जाते. केवळ एंजिन सुरू करून आवाज ऐकणे ही चाचणी नव्हे. खरी चाचणी म्हणजे मुख्य स्विच बंद करणे, घड्याळ लावणे, कोणता दिवा किती सेकंदांनी लागला ते वहीत लिहिणे. ती करण्यास संस्था कचरतात हे खरे. पण दिवसाउजेडी, शस्त्रक्रियागृह रिकामे असताना व हवा भरण्याची हातपिशवी जवळ ठेवून जे तपासायला भीती वाटते, ते रात्रीच्या वादळात नीट चालेल असे मानण्यास आधार नाही.

काळजीगृहे व उष्णता : वृद्धाश्रमात श्वसनयंत्रे नसतात, म्हणून तेथे दिव्यांपुरता इन्व्हर्टर पुरे असे समजले जाते. सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लॉरिडातील हॉलिवुड येथील एका शुश्रूषागृहात अर्मा वादळानंतर वातानुकूलनाचा पुरवठा बंद पडला. दिवे चालू होते, समोरच्या रस्त्यापलीकडे रुग्णालयही होते. तरीही उष्म्याने १२ वृद्धांचा मृत्यू ओढवला. २०१८ मध्ये त्या राज्याने अशा संस्थांना ९६ तास पुरेल अशी वीजव्यवस्था व ८१° फॅ. (सुमारे २७° से.) च्या आत तापमान राखण्याचे बंधन घातले. तापमानाशी बांधलेली अशी अट भारतात सार्वत्रिक नाही. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५° से. च्या वर जातो. परतवाड्याजवळील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, २०२४) यांनी अनाथ दिव्यांग मुलांसाठी चालविलेल्या आश्रमासारख्या संस्थांत असे अनेक रहिवासी असतात, की ज्यांना तहान वा उकाडा शब्दांत सांगता येत नाही. त्यांच्या दृष्टीने कूलर व पाण्याचा पंप हीच अत्यावश्यक साधने होत आणि भारयादी करताना ती दिव्यांच्या आधी धरावी लागतात. याच उष्णतेत बॅटरीचेही आयुष्य घटते. शिसे-अम्ल बॅटरीबाबत तापमान दर ८ ते १० अंशांनी वाढले की ते जवळजवळ निम्मे होते. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी म्हणूनच दोन उन्हाळ्यांत निकामी झाली तर नवल नाही.

सौर पर्याय : प्राथमिक आरोग्य केंद्रांत छपरावरील सौरपट व घटमाला हा जनित्राला चांगला जोड ठरला आहे. डीझेल वेळेवर पोहोचणे कठीण अशा मेळघाटासारख्या भागात त्याचे महत्त्व अधिक. मात्र घटमालेविना, केवळ वाहिनीला जोडलेला सौरसंच वाहिनी बंद होताच सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद होतो, ही गोष्ट खरेदीच्या वेळी सहसा ध्यानात घेतली जात नाही. लसींसाठी वापरली जाणारी बर्फाच्या अस्तराची शीतपेटी चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी २° ते ८° से. तापमान टिकवून धरते. तिला जनित्राची घाई नसते. ऊबयंत्रावर ठेवलेल्या अर्भकाला ती असते, आणि भारयादीत ऊबयंत्राचा क्रम शीतपेटीच्या वर लागतो तो यामुळेच.