ज्या सामन्यांचे गुण धरत नाहीत



आज आपण फुटबॉलविषयी बोलणार आहोत. काही जणी म्हणतील, आमचा आणि फुटबॉलचा काय संबंध? आमच्या मुली कबड्डी, खो-खो खेळतात, त्याही आठवी-नववीपर्यंत. पण थोडं ऐका. मला आज एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर सांगायचं आहे. अमेरिकेत कॉलेजच्या मुली दरवर्षी वसंत ऋतूत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये, फुटबॉलचे काही सामने खेळतात. त्या सामन्यांचा निकाल कुठेच धरला जात नाही. जिंकलं तर गुण नाहीत, हरलं तर नुकसान नाही, चषक तर नाहीच. मग त्या मुली घाम गाळतात तरी कशासाठी?

आधी खेळ समजून घेऊ. एका बाजूला अकरा जणी असतात. त्यांतली एक गोलरक्षक, ती जाळीपुढे उभी राहते आणि आपल्या हद्दीत चेंडूला हात लावायची मुभा तिला एकटीलाच असते. बाकीच्या दहा जणी पायाने, डोक्याने, छातीने चेंडू पुढे नेतात. काही जणी मागे राहून जाळी राखतात, काही मधे खेळतात, काही पुढे जाऊन गोल करतात. सामना ९० मिनिटांचा, ४५-४५ मिनिटांचे दोन भाग. अमेरिकेत या खेळाला सॉकर म्हणतात, कारण तिथे फुटबॉल म्हटलं की दुसराच एक खेळ समजतात.

तिथल्या मुली पहिल्यापासून खेळत होत्या असं समजू नका. १९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. त्याचं नाव टायटल नाइन. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजात मुलगी आहे म्हणून तिला कशातूनही डावलता येणार नाही, असं तो सांगतो. त्यात खेळही आले. कायदा झाला तेव्हा तिथल्या कॉलेजांच्या संघांत खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे ३० हजार. आज त्या दोन लाखांहून जास्त आहेत. मुलींच्या सॉकरची कॉलेजांची मोठी राष्ट्रीय स्पर्धा १९८२ साली सुरू झाली, तेव्हा तीत १२ संघ होते. आता ६४ संघ उतरतात. आणि मुलींचा सॉकर संघ असलेली कॉलेजं हजाराहून अधिक आहेत. म्हणजे मुलींना आवड नव्हती हे खरं नव्हतं. जागा नव्हती, हे खरं होतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तिथल्या कॉलेजच्या संघाचं वर्ष दोन भागांत विभागलेलं असतं. खरा हंगाम ऑगस्टपासून सुरू होतो. ऑगस्टच्या सुरुवातीला मुली जमतात, महिनाअखेर सामने सुरू होतात आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय स्पर्धा लागते. शेवटचा सामना डिसेंबरच्या सुरुवातीला. या तीन-साडेतीन महिन्यांत एक संघ अठरा-वीस सामने खेळतो. आठवड्याला बहुधा दोन. गुरुवारी सामना, रविवारी पुन्हा सामना, मधे प्रवास, शिवाय अभ्यास.

आता तुम्हीच सांगा, यात शिकायचं कधी? सामना झाला की एक दिवस अंग मोकळं करण्यात जातो. मग पुढच्या संघाची तयारी. प्रशिक्षकाच्या डोक्यात एकच असतं, रविवारचा सामना. मग ती ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांनाच उतरवते. नवी मुलगी बाकावर बसून राहते. एखादीचा डावा पाय कच्चा आहे हे सगळ्यांना दिसतं, पण हंगामात तो पक्का करायला सवड नसते. ती उजव्या पायानेच निभावून नेते. पीक उभं असताना कोणी शेत नांगरत नाही, तसंच हे.

नांगरट करायची ती रान मोकळं असताना. उन्हाळ्यात आपण नांगरतो, ढेकळं तापू देतो, काडीकचरा वेचतो. त्या दिवसांत घरात एक पोतंही येत नाही. पण पाऊस पडल्यावर काय उगवणार ते बरंचसं तिथे ठरलेलं असतं. या मुलींचा वसंतातला हंगाम म्हणजे ही उन्हाळी मशागत आहे.

या काळाला शिस्तही असते. कॉलेजांच्या खेळाची राष्ट्रीय संघटना आहे, तिचे नियम आहेत. ऐन हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास सराव घेता येतो आणि एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. हंगाम नसतो तेव्हा ही मर्यादा आठवड्याला ८ तासांवर येते. वसंतातल्या सामन्यांनाही मर्यादा असते, वरच्या गटातल्या मुलींचे संघ साधारण पाच दिवसच असे सामने खेळतात. शक्यतो जवळच्या कॉलेजांशी, बसने जाऊन, वर्ग बुडणार नाहीत अशा बेताने. मुलगी आधी विद्यार्थिनी आहे, हे धरून हे नियम केलेले आहेत.

सामनेही थोडे निराळे असतात. दोन्ही प्रशिक्षक आधी आपसात ठरवतात. कधी ४५ मिनिटांचे दोन भाग न करता ३० मिनिटांचे तीन भाग करतात. तीन भाग केले की जास्त मुलींना उतरवता येतं आणि मधे दोनदा थांबून चुका समजावता येतात.

या दिवसांत नेमकं काय घडतं, ते आता सांगते.

पहिली गोष्ट, बाकावरच्या मुलीला मैदान मिळतं. ज्या मुलींचं शेवटचं वर्ष होतं त्यांचा खेळ डिसेंबरातच संपलेला असतो. त्यांच्या जागा रिकाम्या असतात. संघाची जुनी कर्णधार गेलेली असते. आता मैदानात ओरडून सांगायचं कोणी, हरल्यावर सगळ्यांना धीर द्यायचा कोणी, हे याच दिवसांत कळतं. जी मुलगी वर्षभर मान खाली घालून होती, तिचा आवाज कधी कधी इथे फुटतो.

दुसरी गोष्ट, जागा बदलून बघतात. पुढे खेळणाऱ्या मुलीला मागे आणतात. ती वेगवान असते, पण गोलापुढे घाबरते. तोच वेग मागे जाळी राखायला कामाला येतो. हे ऐन हंगामात करून बघायचं तर एका चुकीने सामना जाईल. इथे चूक झाली तर गोल बसेल, सगळ्या हसतील आणि पुन्हा करून बघतील.

तिसरी गोष्ट गुडघ्याची. ही मात्र नीट ऐका, कारण ती आपल्या कबड्डी खेळणाऱ्या मुलींनाही लागू आहे. गुडघ्याच्या आत एक दोरीसारखा पट्टा असतो, तो मांडीचं हाड आणि नडगी यांना धरून ठेवतो. धावता धावता एकदम वळलं किंवा उडी मारून गुडघा आत वळवत खाली आलं, तर तो तुटतो. ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना दुपटीहून जास्त प्रमाणात होते. शस्त्रक्रिया करून नवा पट्टा बसवला, तर तो पक्का व्हायला आणि मांडीत पुन्हा ताकद यायला नऊ महिने तरी लागतात. त्याआधी खेळलं तर पुन्हा तुटायची भीती मोठी.

आता हिशोब करा. एखाद्या मुलीची शस्त्रक्रिया जूनमध्ये झाली, तर नऊ महिने मार्चमध्ये भरतात. तेव्हा नेमके हे न मोजलेले सामने असतात. डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्या सामन्यात तिला पंधरा मिनिटं उतरवतात, पुढच्यात अर्धा तास. गुडघा बरा झाला तरी मनातली भीती राहिलेली असते. ती भीती जायला असाच सामना लागतो, जिथे तिच्या चुकीसाठी कोणी बोट दाखवणार नाही.

दुखापत होऊच नये म्हणूनही काम होतं. खेळाआधी वीस मिनिटांचा एक ठराविक व्यायाम असतो. हळू धावणं, एका पायावर तोल धरून उभं राहणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, उडी मारून गुडघे वाकवत अलगद खाली येणं. आठवड्यातून दोन-तीनदा न चुकता केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात, हे अनेक देशांत तपासलेलं आहे. त्याला ना यंत्र लागतं ना पैसा. शाळेच्या अंगणात तो होऊ शकतो. उडीनंतर दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर मुलीला थांबवा आणि गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायला सांगा. एवढं लक्ष तर आपण घालू शकतो.

चौथी गोष्ट मोजण्याची. सामने मोजत नाहीत, पण मुलींची मेहनत मोजतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ॲन्सन डॉरन्स नावाचे प्रशिक्षक होते. १९७९ पासून २०२४ पर्यंत त्यांनी मुलींचा संघ सांभाळला आणि २२ वेळा राष्ट्रीय विजेता केला. सरावात प्रत्येक खेळाची नोंद ठेवायची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. एकीस एक झुंजीत कोण जिंकली, धावण्यात कोण पुढे, सगळं लिहून फळ्यावर लावायचं. ओळख, घराणं, गोड बोलणं, यांतलं काही फळ्यावर चालत नाही. मिया हॅम ही जगात गाजलेली खेळाडू त्यांच्याच हाताखाली तयार झाली. १९९१ साली महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा चीनमध्ये झाली. त्यात जिंकलेल्या अमेरिकेच्या संघात ती सगळ्यात लहान होती, अवघी १९ वर्षांची. त्यासाठी कॉलेजचा त्या वर्षीचा हंगाम तिने सोडला होता.

वसंताच्या शेवटी प्रशिक्षक एकेकीला बोलावून समोरासमोर बोलतात. तू कुठे आहेस, काय सुधारलं, सुट्टीत काय करायचं, ते सांगतात. इथे या सगळ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हे बोलणं दर वेळी गोड नसतं. काही मुलींना कळतं की पुढच्या हंगामातही आपल्याला बाकच आहे. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलीच्या पोटात गोळा येतो. काही जणी दुसऱ्या कॉलेजात जातात. आणि सामन्याचे गुण धरत नाहीत म्हटलं, तरी प्रशिक्षकाची नजर असतेच. ‘बिनमोजणी’ हा शब्द मुलींना पूर्ण खरा वाटत नाही. चांगला प्रशिक्षक तो, जो आधी शिकवतो आणि मग तोलतो. नुसतं तोलत बसला, तर मुली चुका लपवायला शिकतात, आणि लपवलेली चूक सुधारत नाही.

आता आपल्याकडे वळते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. सामने भुवनेश्वर, गोव्यातलं मडगाव आणि आपली नवी मुंबई इथे झाले. अमेरिकेच्या मुली नवी मुंबईत उपांत्यपूर्व सामना खेळल्या आणि नायजेरियाकडून पेनल्टीवर हरल्या. अंतिम सामनाही नवी मुंबईतच झाला, स्पेनने कोलंबियाला हरवलं. भारताच्या मुली पहिल्याच फेरीत बाहेर पडल्या. जिद्दीत आपल्या मुली कमी आहेत असं मला वाटत नाही. पण मोठ्या मैदानावर उतरण्याआधी किती वेळा चुकायला मिळालं, याने फरक पडतो.

आपल्या गावात काय होतं? तालुक्याची स्पर्धा जाहीर होते, आठ दिवस सराव होतो, टेम्पोतून मुली जातात, पहिलाच सामना हरतात आणि परत येतात. चेंडू कपाटात जातो तो पुढच्या वर्षापर्यंत. मुलीचा वर्षातला पहिला सामना आणि शेवटचा सामना एकच. त्यात ती चुकली की घरात म्हणतात, तुझ्याने होत नाही, राहू दे आता. ती बसते ती कायमची. चुकायला दुसरी जागाच आपण तिला दिलेली नसते.

म्हणून आपल्या गटांना माझी एक विनंती आहे. स्पर्धा झाल्यावर महिन्यातून एकदा शेजारच्या गावाच्या मुलींशी सामना ठेवा. कबड्डी असो, खो-खो असो, फुटबॉल असो. बक्षीस नको, हार-तुरे नकोत, पाहुणे नकोत. पाणी, गूळ-शेंगदाणे आणि एक शिट्टी पुरे. जी कधी उतरली नाही तिला त्या दिवशी आधी उतरवा. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या बायका आहेत, त्यांनी मैदानाची वेळ मागून घ्यावी. आणि संध्याकाळी मुलीच्या वाट्याची भांडी त्या दिवसापुरती भावाच्या वाट्याला द्यावीत. अमेरिकेत कायद्याने जागा दिली. आपल्याकडे तो एक तास बहुधा घरातूनच सुटावा लागतो.

आपणही असंच शिकलो की. गटाची पहिली बैठक आठवा. हिशोब चुकला, वही पुन्हा लिहिली, कोणी रागावलं नाही, म्हणून आज आपण बँकेत साहेबासमोर ताठ बोलतो. आपल्या मुलीलाही चुकायला एवढी जागा देऊ या.