कार्ड बदला, पण पतीचे वय जपा

सोलापूर (प्रतिनिधी) : ‘आपले कार्ड वरच्या श्रेणीत बदलून घ्या,’ असा बँकेचा दूरध्वनी आला की अनेक जण लगेच होकार देतात. मात्र जुळे सोलापुरात सदनिका घेण्याच्या तयारीत असलेल्या कुटुंबाने होकारापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : खाते जुनेच राहणार की नवे उघडले जाणार?

सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्या ३०० ते ९०० या दरम्यान पतगुणांक देतात. वेळेवर केलेली परतफेड हा त्यातील सर्वांत महत्त्वाचा घटक. त्याखालोखाल मंजूर मर्यादेपैकी किती रक्कम वापरली, कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले आणि खाती किती जुनी आहेत, हेही पाहिले जाते. बँकेने त्याच खात्यावर केवळ कार्डाचा प्रकार बदलला, तर कार्डावरील क्रमांक बदलूनही खाते उघडल्याची मूळ तारीख सहसा कायम राहते. जुने खाते बंद करून नवे उघडले, तर मात्र नव्या खात्याचे वय शून्यापासून मोजले जाते.

उदाहरणार्थ, एखाद्याचे कार्ड १२ वर्षांचे आणि दुचाकीचे कर्ज २ वर्षांचे आहे. दोन्ही खात्यांचे सरासरी वय ७ वर्षे झाले. कार्डाचे खाते नव्याने उघडले गेल्यास चालू खात्यांपुरती ही सरासरी एका वर्षावर येते. बंद खात्याची नोंद अहवालातून लगेच पुसली जात नाही. त्यामुळे जुना चांगला इतिहास वाया जात नाही. तरीही गृहकर्जाचा अर्ज तोंडावर असताना असा बदल टाळणेच शहाणपणाचे. दुसऱ्या बँकेच्या नव्या कार्डासाठी अर्ज केल्यास चौकशीची नोंदही अहवालात होते.

ग्राहकांचे हक्क

ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्डाची श्रेणी बदलू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत बजावले. संमतीविना बदल करून शुल्क आकारल्यास ते परत करून त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा, अशीही त्यात तरतूद आहे.

काय करावे?

खाते तेच राहील, असे बँकेकडून लेखी घ्यावे. वार्षिक शुल्क नसलेले जुने कार्ड उगाच बंद करू नये. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, आणि स्वतः अहवाल पाहिल्याने गुणांक घटत नाही. श्रेणी बदलल्यावर एक-दोन महिन्यांनी अहवाल मागवून खाते उघडल्याची तारीख तपासावी. ती चुकली असल्यास बँकेकडे व संबंधित कंपनीकडे लेखी तक्रार करावी. कार्डाचा रंग केव्हाही बदलता येतो. पतीची वर्षे मात्र पुन्हा एकेक करूनच जमवावी लागतात.