तिकीट काढलंय? मग 'आय ॲम गोइंग'

हैदराबादच्या नल्लकुंट्याहून काचीगुडा स्टेशन जवळच. नांदेडचं तिकीट खिशात असेल, तर 'आय ॲम गोइंग टू नांदेड टुमॉरो' हे इंग्रजी चोख. रूप चालू वर्तमानकाळाचं, अर्थ भविष्याचा. अट एकच, बेत पक्का हवा. मराठी माणसाला खरं तर हे शिकवायलाच नको. 'उद्या नांदेडला जातोय' आपण सर्रास म्हणतो. पण शाळेत 'टुमॉरो दिसला की विल' असं घोटून घेतलेलं असतं. त्यामुळे डॉक्टरांची वेळ आठवड्यापूर्वी घेतलेली असली, तरी तोंडून 'आय विल सी द डॉक्टर' निघतं. व्याकरणाची चूक नाही. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, गृहस्थांनी आत्ताच मनावर घेतलं.

पाऊस कुणी ठरवून पाडत नाही, म्हणून 'इट इज रेनिंग टुमॉरो' चालत नाही. तिथे 'विल' किंवा 'गोइंग टू'. वेळापत्रकातली गाडी साध्या वर्तमानकाळात सुटते: 'द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स'. घोटाळा होतो तो आपल्या 'आलोच'मुळे. पायात चपला नसतानाही आपण भूतकाळात पोहोचलेले असतो. इंग्रजीत तिथे 'आय ॲम कमिंग'च.

शाळेत हे सगळं शिकवणाऱ्या इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करण्यासाठी १९५८ साली हैदराबादेत सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाली. नल्लकुंट्यापासून फार लांब नसलेली, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारची ही संस्था २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झाली. तीच आजची 'इफ्लू'.