सकाळी शाळा, दुपारी विद्यापीठ : नोकरी सांभाळून नाटकात एम.ए.

गेल्या काही दिवसांत बऱ्याच शिक्षकांनी मला एकच प्रश्न विचारला, "बाई, शाळा सांभाळून नाटकात एम.ए. जमलं कसं?" आज त्याबद्दलच बोलते. वेळेचं गणित आधी उरकून घेऊ. सगळे तेच विचारतात, पण खरी अडचण तिथं नाही.

मी पुण्याजवळच्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवते. शाळा सकाळच्या सत्रात, सात ते साडेबारा. विद्यापीठात तास दुपारी दोनपासून आणि तालमी असल्या की रात्रीचे नऊ. अशी दोन वर्षं काढली. शाळा दुपारच्या सत्रात असती तर हे जमलंच नसतं, हे आधी स्पष्ट सांगते. साधारण ७५ टक्के हजेरी लागते आणि नाटकाच्या वर्गात ती नुसती सहीपुरती नसते. तुम्ही आला नाहीत तर समोरच्याचा प्रवेश अडतो आणि तो तुम्हाला फोन करून तसं ऐकवतो. प्रवेश घेण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, तोंडी 'हो, हो, करा की' यावर विसंबू नका. रजा जपून वापरा. पेपर तपासायचे गठ्ठे मी तालमीत विंगेत बसून संपवलेत. घरी नवरा पोळ्या शिकला. पहिल्या वर्षी नकाशे, दुसऱ्या वर्षी पोळ्या.

अभ्यासक्रम निवडताना एक गोष्ट नीट पाहा. आपल्याकडचे नाटकाचे एम.ए. मुख्यतः नट, दिग्दर्शक, नेपथ्यकार घडवण्यासाठी आहेत. वर्गात नाटक कसं वापरायचं हा त्यातला एखादा पेपर असतो, कधी तोही नसतो. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा थिएटर इन एज्युकेशनचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आगरताळ्याला आहे, पण तो निवासी. म्हणजे नोकरीतून वर्षभर मोकळं व्हायला हवं. अमेरिकेत काही विद्यापीठांनी हाच प्रश्न ओळखून शिक्षकांसाठी उन्हाळी सुट्टीत भरणारे नाट्यशिक्षणाचे एम.ए. सुरू केलेत. मे महिन्यात उन्हात पंखा लावून बसले की मला त्यांचा हेवा वाटतो. मी मधला मार्ग काढला. साधं नाटकाचं एम.ए. केलं आणि लघुप्रबंधाचा विषय घेतला 'आठवीच्या मराठीच्या तासात नाटक'. म्हणजे सकाळी जिथं शिकवते तिथंच दुपारचा अभ्यास करायचा. एका दगडात दोन पक्षी, असं तेव्हा वाटलं होतं.

आता अभ्यासाकडे येते. शाळेतलं नाटक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्नेहसंमेलन येतं. भाड्याचे फेटे, माईकसमोर ओरडणारी मुलं आणि पहिल्या रांगेत संस्थाचालक. त्यापलीकडे आपल्याकडे बालनाट्याची चांगली परंपरा आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये 'मधुमंजिरी'पासून मुलांची रंगभूमी उभी केली. पुण्यात थिएटर अॅकॅडमीने १९८६ पासून बर्लिनची ग्रिप्स चळवळ मराठीत आणली, त्यात मोठी माणसं मुलांची कामं करतात आणि मुलांचेच प्रश्न मांडतात. पण हे सगळं मुलांनी बघायचं नाटक. १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने नटांना शाळांमध्ये पाठवलं आणि मुलांना प्रसंगात ओढून विचार करायला लावलं. थिएटर इन एज्युकेशनची सुरुवात ती.

मला मात्र खरी भेटली ती डोरोथी हेथकोट. चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत कामाला लागलेली ही बाई पुढे न्यूकॅसलला शिक्षकांना शिकवू लागली. तिच्या पद्धतीत संहिता नाही, प्रेक्षक नाहीत. शिक्षक स्वतः एक भूमिका घेतो, मुलं दुसऱ्या बाजूला उभी राहतात आणि प्रसंग तिथल्या तिथं घडतो.

मी मुळशी सत्याग्रह घेतला. १९२१ साल, धरणाखाली जाणारी गावं, सेनापती बापट. आमच्या शाळेपासून मुळशी तासाभरावर आहे. मी खांद्यावर उपरणं टाकलं, हातात फाईल घेतली आणि धरणवाल्यांचा माणूस झाले. वर्ग म्हणजे गाव. म्हटलं, "मोबदला मिळेल, सह्या करा." पहिली पाच मिनिटं नुसतं खिदळणं. मग एकानं विचारलं, "साहेब, देव कुठं न्यायचे?" वर्ग गप्प झाला. मीही, कारण फाईलमध्ये उत्तर नव्हतं. त्या दिवशी मुलांनी गावाच्या वतीनं जे अर्ज लिहिले, तसं लिखाण मला निबंधाच्या वह्यांत कधी मिळालं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी ऑगुस्तो बोआल अभ्यासाला आला. ब्राझीलचा हा रंगकर्मी. त्याच्या फोरम थिएटरमध्ये अन्यायाचा एक प्रसंग दाखवतात, मग तोच पुन्हा सुरू करतात. प्रेक्षकानं "थांबा" म्हणायचं, मंचावर यायचं, पीडिताची जागा घ्यायची आणि वेगळं काही करून बघायचं. मी उत्साहात होते, लघुप्रबंधाला एक प्रकरण हवं होतं. वर्गाला म्हटलं, तुमच्या आजूबाजूला घडणारा प्रसंग उभा करा. एका गटानं दाखवलं की बाप मुलाला म्हणतो, शाळा बास, उद्यापासून टेम्पोवर ये.

"थांबा" म्हणत मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. वर्षभर हजेरीशिवाय त्याचा आवाज ऐकला नव्हता. तो मुलाच्या जागी उभा राहिला आणि बापाला जे बोलू लागला ते नाटकातलं नव्हतं. त्यात पैशांचे आकडे होते, घरातल्या भांडणाचे शब्द होते, आईचं नाव होतं. वर्गातल्या मुलांना कळलं. ती एकमेकांकडे बघू लागली. मी थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही. मनात एकच होतं, हेच, हेच तर हवं होतं. रात्री बसून चौदा पानं लिहून काढली.

मार्गदर्शकांनी ती वाचली आणि एवढंच विचारलं, "त्याला नाही म्हणायची सोय होती का?"

माझ्याकडे परवानगीपत्र होतं, सगळ्या पालकांच्या सह्यांचं. पण त्याच मुलाचे मार्क माझ्या हातात, वर्गशिक्षिका मीच, आणि पालकसभेत त्याच्या वडिलांसमोर बसणारीही मीच. बाहेरून आलेला संशोधक निघून जातो. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा त्याच वर्गात उभी. नोकरी सांभाळून शिकण्यातली खरी अडचण मला इथं दिसली, वेळापत्रकात नव्हे.

मग मुळशीचा तास का चालला आणि हा का फसला, याचा शोध घेताना हेथकोट पुन्हा उघडली. ती आणि तिचा सहकारी गॅव्हिन बोल्टन यांनी मुलाच्या सुरक्षिततेवर फार विचार केलाय. मूल भूमिकेच्या आडोशानं भावनेपर्यंत पोचलं पाहिजे. मुळशीत तो आडोसा शंभर वर्षांचा होता. देव कुठं न्यायचे हे विचारणाऱ्या मुलाचं स्वतःचं घर कुणाला दिसत नव्हतं, त्याला जे वाटलं ते मात्र त्याचंच होतं. टेम्पोच्या प्रसंगात आडोसा मीच काढून टाकला होता. बोआलची पद्धत मोठ्यांसाठी जन्मली, एकाच प्रश्नानं बांधलेल्या, आपणहून जमलेल्या माणसांसाठी. माझ्या वर्गात कुणी आपणहून जमलं नव्हतं, तिथं घंटा वाजली होती. फोरम मी आजही घेते. पण गाव काल्पनिक, नावं काल्पनिक, व्यवसाय वर्गात कुणाच्याच घरी नसलेला. आणि "थांबा" म्हणण्याचा हक्क बसून राहणाऱ्यालाही असतो, हे आधी सांगते.

त्या मुलाला मी मधल्या सुट्टीत गाठलं. म्हटलं, तुझ्याबद्दल लिहिलंय, काढून टाकू का? तो म्हणाला, "राहू द्या की बाई. पण पप्पांना दाखवू नका." मग म्हणाला, "नकोच, काढा."

चौदा पानं काढली. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं की फोरमचं प्रकरण इतकं तोकडं का. मी कारण सांगितलं, मुलाची गोष्ट सांगितली नाही. मार्क कमी पडले, तसे ते पडणारच होते.

आज त्याच्याबद्दल बोलतेय ते त्याला विचारून. तो आता अकरावीत आहे, भाग टाकण्याआधी त्यानं ऐकला आणि दोन गोष्टी बदलायला लावल्या, त्या बदलल्यात.

पुढच्या भागात मुळशीचा तास कसा घ्यायचा ते टप्प्याटप्प्यानं सांगते. उपरणं आणि एक जुनी फाईल शोधून ठेवा. येते.