मातीची ओल आणि आकाशांतील पडताळा

मूठभर माती हातांत दाबून वाफसा झाला कीं नाहीं हें सांगणारा शेतकरी आपणां सर्वांच्या पाहण्यांत आहे. परंतु एका शेताची ओल सांगणें निराळें आणि सबंध खंडाची सांगणें निराळें. पूर, अवर्षण व पिकांचा उतारा ह्यांचे अंदाज बांधणारांस ही दुसरी माहिती लागते, आणि ती पुष्कळ काळ मुख्यतः संगणकांतील गणिती प्रतिमानांवरूनच काढीत असत.

ह्या प्रतिमानाचें काम घरच्या जमाखर्चासारखें आहे. पाऊस ही जमा. वाफ होऊन गेलेलें, वाहून गेलेलें व खोल झिरपलेलें पाणी हा खर्च. उरली शिल्लक ती ओल. बेरीज-वजाबाकी बिनचूक खरी, पण जमेची रक्कमच चुकीची पडली तर? जेथें पर्जन्यमापकें विरळ, तेथें असें नित्य घडतें, आणि चूक रोज पुढच्या पानावर ओढली जाते.

ही शिल्लक पडताळण्यासाठीं युरोपीय अवकाश संस्थेनें २००९ सालीं ‘स्मॉस’ व अमेरिकेच्या ‘नासा’नें २०१५ सालीं ‘स्मॅप’ हे उपग्रह सोडले. प्रत्येक पदार्थ आपल्या उष्णतेमुळें सूक्ष्म रेडिओलहरी सोडीत असतो. ओली माती त्या कोरडीपेक्षां कमी सोडते. सुमारें २१ सेंटिमीटर लांबीच्या ह्या लहरी ढगांतून सहज पार होतात, म्हणून ऐन पावसाळ्यांतहि पाहणी चालते. हा पट्टा जगभर शास्त्रीय कामासाठीं राखलेला आहे. तरीहि स्मॉसच्या कानीं ठिकठिकाणच्या बेकायदा प्रक्षेपणांचा गोंगाट आलाच!

तथापि उपग्रहाचेंहि सर्वच प्रमाण मानतां येत नाहीं. त्यास वरची सुमारें ५ सेंटिमीटर मातीच दिसते, घनदाट अरण्याखालची नीट दिसत नाहीं, आणि त्याचा एकेक ठिपका सुमारें ४० किलोमीटरांचा. स्मॅपवरील बारीक पाहणारें रडार तर २०१५ च्या जुलैंतच बंद पडलें.

मग विश्वास कोणावर ठेवावा? येथें रुडॉल्फ काल्मन ह्यांनीं १९६० सालीं मांडलेली गणिती रीत उपयोगी पडते. दोन साक्षीदारांपैकीं ज्याची चूक कमी संभवते त्याच्या शब्दास अधिक वजन द्यावयाचें. समजा, प्रतिमान शंभर भाग मातींत २० भाग पाणी सांगतें व उपग्रह ३०. दोघे सारखेच विश्वासू असतील तर २५ धरावें. खालीं दाट झाडी असेल तर २२ वरच थांबावें. पाणी खालीं कसें मुरतें हें प्रतिमानास ठाऊक असल्यामुळें वरच्या थराची दुरुस्ती मुळांपर्यंतहि पोहोंचते. स्मॅपच्या आधारें अशी एक मीटर खोलीची ओल दर तीन तासांची, ९ किलोमीटरांच्या चौकटींनीं काढली जाते.

खरी अडचण बागायतीची. प्रतिमान व उपग्रह ह्यांच्यांतील नेहमींचा फरक आधीं काढून टाकण्याची चाल आहे, कारण ही रीत केवळ अधूनमधून होणाऱ्या चुकांसाठीं आहे. पण कालव्याचें पाणी ज्या प्रतिमानाच्या खात्यांतच नाहीं, तेथें तो ‘नेहमींचा फरक’ म्हणजे पाटाचें पाणीच असूं शकतें! तें पुसलें कीं भिजलेला ऊस पुन्हां कागदोपत्रीं कोरडा. आमच्या मतें आपल्यासारख्या कालव्या-विहिरींच्या देशास हाच प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या भारत-अमेरिकेच्या ‘निसार’ उपग्रहाचें रडार स्मॅपपेक्षां पुष्कळच बारीक पाहूं शकतें. भिजलेलें रान आणि शेजारचा कोरडा माळ त्यास वेगळे दिसूं शकतात.